आयर्लंडच्या किनाऱ्यावरचा हदास

वाचकहो, ‘हदास’ हा शब्द आपल्या कानावर तीन वाटांनी येतो. पहिली वाट सुक्कोथची. लुलाव, एथ्रोग, अरावा आणि हदास या चार जिनसांतली ही हिरवी, सुवासिक डहाळी. दुसरी वाट पुरिमची, कारण एस्थेर राणीचे मूळ नाव हदास्सा. आणि तिसरी वाट येरुशलेमच्या हदास्सा इस्पितळाची. ज्या स्त्री-संघटनेने ते उभारले ती 1912 साली पुरिमच्या सुमारास स्थापन झाली आणि एस्थेरच्या नावावरून तिने आपले नाव घेतले. आपल्यापैकी किती जणांनी त्या इस्पितळाच्या पायऱ्या चढल्या असतील! पण ते नाव एका झुडपाचे आहे, हे चढताना फार थोड्यांच्या मनात आले असेल.

हे झुडूप भूमध्य समुद्राच्या काठचे. गालीलच्या आणि कार्मेलच्या डोंगरांवर ते आपोआप उगवते. त्याच्या गावापासून फार दूर, पावसाळी आणि थंड अशा आयर्लंड देशात एका जुन्या घराला मात्र त्याचे नाव मिळाले आहे. त्या घराच्या गावी 1555 साली यहुदी वंशाचा महापौर होऊन गेला. घर आणि महापौर यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. तरी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या, तर आपल्या कोकणातल्या पूर्वजांनी काय सांभाळले हे जास्त स्पष्ट दिसते. म्हणून हा लेख.

झाडाची ओळख

हदास हे माणसाच्या उंचीचे किंवा थोडे अधिक वाढणारे सदाहरित झुडूप. पाने लहान, टोकदार, चकचकीत. पान उजेडासमोर धरले तर त्यात सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतात. ती तेलाची पिशवी. पान चुरगाळले की तीच फुटते आणि वास सुटतो. उन्हाळ्यात पांढरी फुले येतात, मधे केसरांचा झुबका असतो. पुढे निळसर काळी फळे धरतात. हिंदुस्थानात या झुडपाला विलायती मेंदी म्हणतात, आणि युनानी औषधांच्या दुकानात याच्या फळांना हब्बुलआस म्हणतात.

याची भाऊबंदकी आपल्या चांगल्या परिचयाची आहे. जांभूळ, पेरू, निलगिरी आणि लवंग ही सगळी याच कुळातली. जांभळाचे पान उजेडात धरून पाहा, तसेच ठिपके दिसतील. लवंगेचे नाते तर फार बोलके आहे. जर्मनीत आणि पोलंडात थंडीमुळे हदास वाढत नसे. तिथल्या यहुद्यांनी हवदालाच्या वेळी लवंगेसारखे सुके मसाले एका डबीत घालून हुंगायला सुरुवात केली. मूळ प्रथा हदासवर बेराखा म्हणण्याची, म्हणून जुन्या काळी त्या डबीलाच ‘हदास’ म्हणत. झाड गेले, नाव डबीला चिकटून राहिले.

सुक्कोथसाठी हदास निवडताना धर्मशास्त्राने एक खूण सांगितली आहे: प्रत्येक पेऱ्यावर तीन पाने सारख्या उंचीवर असली पाहिजेत. एरवी हदासला पेऱ्यावर समोरासमोर दोनच पाने येतात. झुडूप जोराने छाटले की खालून जोमदार कोंब फुटतात आणि त्यांत तीन-तीन पानांचे पेरे अधिक सापडतात. म्हणून सुक्कोथसाठी हदास लावणारे छाटणीची वेळ जपतात. हवदालासाठी मात्र ही अट नाही. तिथे वास हवा, पानांची मोजदाद नको.

आयर्लंडमध्ये ते कसे जगते

आयर्लंड नकाशावर लंडनच्याही उत्तरेपर्यंत पसरलेले आहे. तरी त्याच्या दक्षिण आणि नैर्ऋत्य किनाऱ्यावर, म्हणजे कॉर्क आणि केरी या परगण्यांत, कडाक्याची थंडी क्वचितच पडते. अटलांटिक महासागरातला कोमट पाण्याचा प्रवाह तो किनारा ऊबदार ठेवतो. केरीच्या टोकाला व्हॅलेन्शिया नावाचे बेट आहे. तिथे जानेवारीतही सरासरी तापमान सात अंशांच्या आसपास असते. वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. अलिबागला याहून जास्त पडतो, पण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. तिथला बारा महिने झिरपत राहतो.

हदासला पावसाची भीती नाही. साचलेल्या पाण्याची आणि कोरड्या बोचऱ्या वाऱ्याची आहे. म्हणून तिथले माळी त्याला दक्षिणेकडे तोंड केलेल्या दगडी भिंतीच्या पोटाशी लावतात. दगड दिवसभर ऊन खातो आणि रात्री परत देतो. मुळाशी वाळू-खडी मिसळून पाण्याचा निचरा करतात. रोप बहुधा फांदीपासून करतात. उन्हाळा सरताना अर्धवट पिकलेल्या फांदीचे बोटभर तुकडे घ्यायचे, खालची पाने काढायची आणि वाळूमिश्रित मातीत खोचून झाकून ठेवायचे. पहिले एक-दोन हिवाळे रोप आडोशाला राहते, मग वसंतात बाहेर जाते. एकदा रुजले की पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

व्हॅलेन्शिया बेटावर ग्लॅनलीम नावाची बाग आहे. तिथल्या जमीनदारांनी एकोणिसाव्या शतकात दूरदूरच्या देशांतली झाडे आणून लावली. त्यांत दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाचे, हदासच्याच कुळातले दालचिनी रंगाच्या सालीचे एक झाड होते. त्याला तिथली हवा इतकी मानवली की बी पडून ते त्या भागात आपणहून उगवू लागले. सोनेरी काठाच्या पानांचा त्याचा एक प्रकार त्या बागेत सापडला आणि ‘ग्लॅनलीम गोल्ड’ या नावाने जगभर गेला. पण हा आपला हदास नव्हे. चुलत भाऊ म्हणा. सुक्कोथला तो चालणार नाही.

आयर्लंडच्या मातीचे स्वतःचेही एक सुवासिक झुडूप आहे. दलदलीत, काळ्या पीटच्या जमिनीत ते कमरेएवढे वाढते. इंग्रज लोक त्याला दलदलीचे मर्टल म्हणतात आणि मर्टल हे हदासचेच इंग्रजी नाव. प्रत्यक्षात याचे कूळ निराळे. आपल्या वैद्याच्या दुकानात मिळणारे कायफळ त्याचे जवळचे नातलग. सर्दीने डोके जड झाले की आजी ज्याची पूड हुंगायला लावत असे, तेच कायफळ. आयरिश शेतकरी या झुडपाच्या फांद्या अंथरुणात घालत, म्हणजे पिसवा दूर राहतात. उत्तर युरोपात बियर करताना हॉप नावाच्या वेलीची फुले वापरात येण्याआधी याच पानांनी तिला चव देत. हदास नाही म्हणून आयरिश लोकांचे काही अडले नाही. जे दाराशी उगवते त्याचा त्यांनी उपयोग केला.

यॉलचे घर आणि यॉलचा महापौर

आता ते घर. कॉर्क परगण्यात ब्लॅकवॉटर नदी समुद्राला मिळते तिथे यॉल नावाचे जुने बंदर आहे. त्याच्या आयरिश नावाचा अर्थ यू नावाच्या झाडांचे रान असा होतो. म्हणजे गावाचे नावच झाडावरून पडलेले. गावाला तट होता, व्यापार होता, आणि स्पेन-पोर्तुगालशी जहाजांची ये-जा होती. तिथल्या सेंट मेरी चर्चच्या शेजारी सोळाव्या शतकातले एक तटबंदी नसलेले घर अजून उभे आहे. त्याचे नाव ‘मर्टल ग्रोव्ह’, म्हणजे आपल्या भाषेत हदासची राई. घराभोवती वाढलेल्या हदासच्या झुडपांवरून हे नाव पडल्याचे सांगतात. राणी एलिझाबेथच्या दरबारातला सर वॉल्टर रॅले याच्याशी हे घर जोडले जाते. तो 1588 आणि 1589 मध्ये यॉलचा महापौर होता. आयर्लंडमधला पहिला बटाटा त्याने या घराच्या बागेत लावला अशीही दंतकथा आहे. खरी असो वा नसो, गावकरी ती आवडीने सांगतात.

पण रॅलेच्या तेहतीस वर्षे आधी, 1555 साली, यॉलच्या महापौरपदावर विल्यम अन्यास नावाचा माणूस निवडून आला होता. त्याचे घराणे पोर्तुगालहून आलेले, यहुदी वंशाचे. आयर्लंडच्या यहुदी इतिहासात त्याचे नाव अगदी सुरुवातीला येते. त्याच्याच घराण्यातला फ्रान्सिस अन्यास पुढे 1569, 1576 आणि 1581 साली त्याच पदावर आला.

हे घराणे इथे कसे पोहोचले असेल हे समजायला पोर्तुगालकडे पाहावे लागते. 1492 साली स्पेनने यहुद्यांना हाकलले. बरेच जण शेजारच्या पोर्तुगालमध्ये गेले. 1496 च्या अखेरीस पोर्तुगालच्या राजाने तसाच हुकूम काढला आणि 1497 मध्ये हजारोंना जबरदस्तीने ख्रिस्ती केले. त्यातले काही जहाजांनी बाहेर पडले आणि आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरही आले. इंग्लंडच्या राजाने तर 1290 सालीच आपल्या यहुद्यांना हाकलले होते आणि यॉल त्याच राजसत्तेखाली होते. यहुदी म्हणून उघडपणे राहून महापौर होणे तेव्हा अशक्यच. असे जे लोक बाहेरून ख्रिस्ती होते, त्यांपैकी स्पेन-पोर्तुगालमधल्या अनेकांनी गुपचूप एस्थेरचा उपास धरला. आपली जात आणि आपले लोक लपवून राजवाड्यात राहिलेली हदास्सा त्यांना आपली वाटली, यात नवल ते काय?

यॉलच्या त्या घराण्याचे पुढे काय झाले? गावाच्या महापौरांच्या यादीत त्यांची नावे राहिली. पण यॉलमध्ये सिनेगॉग झाले नाही, यहुदी समाज वाढला नाही. आयर्लंडमधले पहिले प्रार्थनागृह 1660 च्या सुमारास डब्लिनमध्ये पोर्तुगीज वंशाच्या यहुद्यांनीच थाटले, आणि तेही नंतर बंद पडले. पुढे वाढलेला आयरिश यहुदी समाज बहुतांशी 1880 नंतर लिथुआनियाहून आलेल्यांचा आणि त्यांच्या वंशजांचा होता.

या नंतरच्या समाजाने मोठी माणसे दिली. राब्बी यित्झहाक हर्झोग आधी बेलफास्टला आणि मग डब्लिनला होते. 1936 पर्यंत ते आयर्लंडचे प्रमुख राब्बी होते, तिथून ते आपल्या देशाचे प्रमुख राब्बी झाले. झिझिथमधला निळा दोरा, तेखेलेथ, नेमका कोणत्या समुद्री गोगलगायीपासून रंगवत, यावर त्यांनी तरुणपणी प्रबंध लिहिला होता. तोराहमधले झाड, प्राणी, रंग नेमका कोणता हे शोधणारा हा विद्वान माणूस. त्यांचे पुत्र हाइम हर्झोग बेलफास्टला 1918 साली जन्मले, डब्लिनला वाढले आणि 1983 ते 1993 इस्राएलचे राष्ट्राध्यक्ष होते. 1985 साली डब्लिनमधल्या एका जुन्या सिनेगॉगच्या इमारतीत आयरिश यहुदी संग्रहालय सुरू झाले, त्याचे उद्घाटन त्यांनीच केले.

यॉलपासून जवळचे मोठे शहर कॉर्क. तिथेही लिथुआनियातून आलेल्यांचा चांगला समाज होता. 1977 साली कॉर्कला जेराल्ड गोल्डबर्ग हे यहुदी लॉर्ड मेयर लाभले. पण तरुण माणसे डब्लिनला, इंग्लंडला, अमेरिकेला आणि इस्राएलला गेली. मिनयानला दहा पुरुष जमेनात. 2016 साली कॉर्कचे सिनेगॉग बंद झाले. अलिबाग, पेण, रेवदंडा, बोर्लाई इथली आपली सिनेगॉगे आणि तिथे उरलेली मोजकी घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यावर वेगळे सांगायला नको.

कोकणातला सब्जा

आता यॉलसमोर नवगाव ठेवू. आपली परंपरा सांगते की गलबत फुटून सात स्त्रिया आणि सात पुरुष नवगावच्या किनाऱ्याला लागले. कोकणातल्या त्यांच्या वंशजांमध्ये त्या काळी कोणी महापौर नव्हता. ते तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. शतकानुशतके त्यांच्याजवळ राब्बी नव्हता, सेफेर तोराह नव्हता. मुंबईचे पहिले सिनेगॉग समाएल हसाजी दिवेकरांनी बांधले तेच मुळी 1796 साली. तरीही आठव्या दिवशीची सुंता, शब्बाथ, खवल्यांचीच मासळी आणि ओठांवरचे ‘शेमा’ टिकले. सणांना आजीबाईंनी आपल्या भाषेतली नावे दिली: नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळणीचा सण, बिरड्याचा सण. सगळे घरात आणि स्वयंपाकघरात राहिले.

सुवासाचेही तसेच. कोकणात हदास उगवत नव्हता. परसात सब्जा होता. एलियाहू हान्नाबीच्या नावाने मलिदा होतो, तेव्हा ताटात गोड पोहे, खोबरे, फळे यांच्याबरोबर सुवासिक पानांची जागा असते. ती जागा कुठे गुलाबाने, कुठे सब्जाने भरली. पुढे सिनेगॉगे आली, लुलाव आणि हदास आले, तरी सब्जा परसातून गेला नाही.

आज कधीकधी नातवंडे विचारतात, की हदास नाही म्हणून आपण सब्जा घेतला, तर तो बदली माल झाला ना? शास्त्राचे उत्तर त्यांना सांगावे. सुवासाचे बेराखोथ झाडाच्या जातीप्रमाणे वेगळे आहेत. लाकडी खोडाच्या हदासला ‘बोरे असे बेसामीम’. मऊ देठाच्या सुवासिक पाल्याला ‘बोरे इसवे बेसामीम’. कोणते म्हणावे याची शंका असेल तर ‘बोरे मिने बेसामीम’. म्हणजे सब्जासारख्या पाल्याची स्वतंत्र जागा धर्मातच राखून ठेवलेली आहे. तेमानी शेजाऱ्यांकडे पाहा. त्यांच्या घरीही हाच पाला, त्याला ते रेहान म्हणतात आणि हवदालाला हुंगतात. त्यांना कोणी बदली माल म्हणत नाही.

यॉलच्या अन्यास घराण्याकडे पद होते, पैसा होता, वास्तव्याचा हक्क होता. ज्या घरातल्या सवयीने मुलाला आपण कोण हे कळते, ती सवय उघडपणे चालवण्याची मोकळीक मात्र त्यांना नव्हती. आपल्या तेल्यांकडे पद नव्हते, पण शनिवारी घाणा बंद ठेवायला गावाने त्यांना कधी हरकत घेतली नाही. हा हिंदुस्थानचा मोठेपणा आपण विसरू नये. आणि त्या मोकळेपणाचा उपयोग आपल्या आजीपणज्यांनी केला, याचेही मोल करावे. हदासच्या राईचे आज घराला दिलेले नाव तेवढे पुढे आले. परसातला सब्जा मात्र एका हातातून दुसऱ्या हातात, बेराखासकट, दिमोना आणि लोदपर्यंत आला.

सब्जा लावावा कसा

सब्जा लावणे हदासपेक्षा फार सोपे आहे. तो उन्हाचा भुकेला, थंडीला अगदी हळवा. आयर्लंडमध्ये तो काचेच्या घरातच वाढवावा लागतो, पण आपल्या इस्राएलमध्ये पेसाहनंतर रात्री ऊबदार झाल्या की मिरपेसेतवरच्या कुंडीत मजेत येतो. सरबतात आणि फालुद्यात घालायला हिंदी वाण्याकडे जो सब्जा मिळतो, तेच त्याचे बी. जुने नसेल तर उगवते. बी मातीवर पसरावे, वर चिमूटभरच माती टाकावी, पाणी शिंपडून ओलावा ठेवावा. ओले होताच बी बुळबुळीत होऊन फुगते, त्याने घाबरू नये. आठवड्या-दीड आठवड्यात दुपाने दिसतात. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूने फुटवे येऊन झुडूप भरते. पाला हवा असेल तोवर मंजिऱ्या काढत राहावे.

उन्हाळा संपताना मात्र दोन-तीन रोपांच्या मंजिऱ्या तशाच राहू द्याव्यात. त्या वाळून तपकिरी झाल्या की कागदावर झटकाव्यात. काळे बी पडेल. ते कोरड्या बाटलीत भरून वर वर्ष लिहावे. बाजारात मिळणारे मोठ्या पानांचे रेहानही सुवासिक असते, त्यावरही बेराखा होतोच. पण परसातल्या सब्जाची पाने लहान आणि वास थोडा उग्र, तो ज्याला आठवतो त्याने त्याचे बी राखावे.

आणि ते बी नातवंडांच्या हाती देताना बरोबर बेराखाही शिकवावा. एखाद्या मोत्साए शब्बाथला त्यांच्याच हाताने पान खुडवून घ्यावे, आधी त्यांच्याकडून बेराखा म्हणवून घ्यावा आणि मग त्यांना पान हुंगू द्यावे. ‘इसवे’ का आणि ‘असे’ का, हे विचारले तर देठ मोडून दाखवावा. मऊ देठ आणि लाकडी देठ यातला फरक लहान मुलालाही लगेच कळतो.